भिंतीलाही सावली हवी

गेल्या वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले होते. जेवणे आटोपून मी ओटा पुसत होते, तोच सासूबाईंच्या खोलीतून भांडे पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तो त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या, कपाळावर घाम डवरलेला, हात थरथरत असलेले आणि पाण्याचे फुलपात्र खाली घरंगळलेले. डोक्यावर पंखा गरगरत होता. पण त्या पंख्याचा वारा अंगाला लागला तो भट्टीच्या तोंडाशी उभे राहिल्यासारखा.

डॉक्टर आले. रक्तदाब पाहिला, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजायला सांगितले आणि जिना उतरताना म्हणाले, "आजींना तसा आजार काही नाही. पण ही खोलीच त्यांना आजारी पाडील. दुसरीकडे झोपवा त्यांना."

सांगणे सोपे! आमचे बिऱ्हाड पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर. सासूबाईंचे वय चौऱ्याऐंशी. पश्चिमेच्या त्या खोलीत त्यांनी चाळीस वर्षे काढलेली. खिडकीतून रस्ता दिसतो, येणारे-जाणारे दिसतात, भिंतीवर मामंजींचा फोटो आहे. "मी इथून हलणार नाही," हा त्यांचा निकाल. चिरंजीवांनी लगेच तोडगा काढला, "एसी बसवू." ह्यांना विजेचे बिल दिसू लागले. आणि सासूबाई म्हणाल्या, "त्या गारठ्यानं माझे गुडघे धरतात. बसवायचा तर तुमच्या खोलीत बसवा."

हा पेच तुमच्याही घरात कधी ना कधी उभा राहिला असेल. आमच्या घरी तो सोडवला एका गवंड्याने. त्या निमित्ताने मी घराकडे नव्या नजरेने पाहू लागले, थोडे वाचले, थोडे विचारले. ते सारे ह्या दिवाळीत तुमच्यापुढे ठेवावे असे वाटले.

दुखणे भिंतीला आहे

गच्ची गळते म्हणून मिस्त्रींना बोलावले होते. साठी उलटलेले, अंगाने काटक, मोजके बोलणारे. त्यांचे वडील पेठांतल्या वाड्यांची डागडुजी करीत. चुना मळायला आणि ओळंबा धरायला मिस्त्री तिथेच शिकले. दिवसभराचे दुसरे काम उरकून ते रात्री आठला आले. सासूबाईंना पाहिले, खोलीत गेले आणि पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकून उभे राहिले. मग मला म्हणाले, "वहिनी, जरा हात लावून बघा."

मी हात लावला. सूर्य मावळून तास होऊन गेला होता, पण भिंत तव्यासारखी गरम.

"औषध आजींना देताय," मिस्त्री म्हणाले, "दुखणं भिंतीला आहे."

त्यांचे बोलणे शास्त्राला धरून होते, हे पुढे वाचल्यावर कळले. आपल्याला वाटते, ऊन खिडकीतून येते. खिडकी लावली, पडदा ओढला की झाले. पण भिंत हा उन्हाचा रांजण आहे. दुपारभर ती ऊन पिते आणि सावकाश आत सोडते. नऊ इंची विटेची भिंत बाहेरची ऊब आत पोचवायला साधारण सहा-सात तास घेते. म्हणजे दुपारी तीनचे ऊन रात्री नऊ-दहाला, नेमके झोपेच्या वेळी, उशाशी येऊन बसते. सिमेंट काँक्रीटमधून तर उष्णता विटेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वाहते. आणि वरच्या मजल्याच्या डोक्यावर पाच-सहा इंची काँक्रीटचीच स्लॅब! मेच्या दुपारी उघडी गच्ची पन्नास-साठ अंशांपर्यंत तापते; तिच्याखाली फिरणारा पंखा ती तापलेली हवा ढवळून आपल्याच अंगावर ढकलतो.

आतल्या पडद्याचेही असेच. साध्या काचेतून उन्हाची चार-पंचमांश उष्णता आत येते. ती पडद्यावर पडते, पडदा तापतो, आणि त्या तापलेल्या पडद्याची ऊब मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. चोर घरात शिरल्यावर दार लावून घ्यावे, तसला हा प्रकार. ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. आमच्या आजीच्या घरी वाळ्याचे पडदे दाराच्या बाहेर टांगून त्यांवर पाणी शिंपडत, ते उगीच नव्हे!

छज्ज्याचे गणित

मिस्त्रींनी दुसरे एक दाखवले. आमच्या इमारतीत चारही दिशांच्या खिडक्यांवर सारखाच दीड फुटी छज्जा आहे. "नकाशा काढणाऱ्यानं सूर्य विचारात घेतलेलाच नाही," ते म्हणाले. मला हे पटेना. मग चिरंजीवांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, आणि मिस्त्रींचा अनुभव खरा ठरला.

पुण्याचा सूर्य दक्षिणेच्या खिडकीला भला असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे एकाहत्तर अंश वर असतो. तेव्हा दीड फूट छज्जा खाली साडेचार फूट सावली टाकतो. चार फुटांची खिडकी त्यात सबंध झाकली जाते. मेच्या मध्याला तर तो बरोबर डोक्यावर येतो. शाळेतली मुले हल्ली 'शून्य सावली दिवस' म्हणून अंगणात काठी रोवतात, तोच हा दिवस. जूनमध्ये तो किंचित उत्तरेलाच सरकतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे थेट ऊन नाहीच. आणि डिसेंबरात हाच सूर्य अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत उतरतो, छज्ज्याची सावली पावणेदोन फुटांवर थांबते आणि उरलेल्या खिडकीतून हवेहवेसे ऊन आत येते. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन, आणि खर्च दीड फूट काँक्रीटचा! यंत्र नाही, वीज नाही, दुरुस्ती नाही.

पश्चिमेला मात्र हे गणित फसते. मे महिन्यात पाच वाजता सूर्य इतका खाली आलेला असतो की तोच दीड फुटी छज्जा जेमतेम पाऊण फूट सावली देतो. समोरून येणाऱ्या पाहुण्याला डोक्यावरची छत्री काय अडवणार? तिथे हवी उभी आडोशाची योजना: बाहेरच्या झडपा, बांबूची ताटी, उभ्या पट्ट्या, जाळी, नाही तर झाड. म्हणजे घराची प्रत्येक दिशा वेगळी, आणि तिचा उपायही वेगळा.

वाड्याला जे ठाऊक होते

पुण्याच्या जुन्या वाड्यांत हे ज्ञान पुस्तकावाचून मुरलेले होते. खाली दगडी जोते, वर वीट-मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब-तुळया, मध्ये चौक आणि चौकाभोवती पडव्या. दुपारी चौकाच्या एका ना एका बाजूला सावली असतेच. रात्री चौकाची फरशी उघड्या आकाशाला आपली ऊब देऊन टाकते आणि गार हवा जड म्हणून खाली साठते; तीच सकाळी सोप्यातून माजघराकडे पसरते. बाहेरच्या बाजूच्या खिडक्या लहान आणि आतल्या मोठ्या. सोलापूरकडच्या माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. मुंबईच्या चाळीची गॅलरीदेखील नुसती भांडणाची आणि गप्पांची जागा नव्हती. खोलीच्या भिंतीवर पडणारे ऊन ती स्वतःच्या अंगावर घेई.

तरी जुने ते सारेच सोने असेही मी म्हणणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठचे कितीतरी वाडे पाण्यात अक्षरशः विरघळले. ज्यांनी ते पाहिले त्यांचा मातीच्या भिंतीवरचा विश्वास उडाला, आणि सिमेंटच्या घराला लोकांनी मिठी मारली, यात नवल नाही. वाड्यातल्या मधल्या खोल्यांचा अंधार आणि पावसाळ्यातली ओल ज्या बायकांनी सोसली त्यांना विचारा! आपल्याला वाडा पुन्हा बांधायचा नाही. वाड्याची अक्कल तेवढी उचलायची आहे.

ती उंच इमारतीतही उचलता येते, हे एका मोठ्या वास्तुशिल्पज्ञाने दाखवून दिले. मुंबईच्या कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया ह्यांनी रचलेली 'कांचनजंगा' ही अठ्ठावीस मजली इमारत १९८३ मध्ये पुरी झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेचा आणि देखावाही पश्चिमेचा; पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच. खिडकी उघडावी तर ऊन-पाऊस, मिटावी तर वारा बंद. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा आठवला आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्याशी दोन मजले उंचीची खोल बाग-गच्ची कोरून घेतली. ऊन-पाऊस त्या गच्चीतच थबकतात, वारा पुढे घरात जातो. त्याही आधी, १९६१-६२च्या सुमारास, त्यांनी अहमदाबादेत अगदी साध्या माणसासाठी 'ट्यूब हाउस' बांधले होते. अरुंद, लांबट घर. छप्पर आतून चढते. तापलेली हवा त्या चढणीने वर जाऊन माथ्याच्या फटीतून निसटते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. धुराड्याचेच तत्त्व, पण धुराऐवजी उकाड्यासाठी! ते घर १९९५ मध्ये पाडले गेले. कल्पना मात्र कोणाला पाडता आली नाही.

गवंड्याच्या हातातली वीज

ह्या वाचनात मला सर्वांत जवळचे वाटले ते लॉरी बेकर. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला १९१७ साली जन्मलेला हा गृहस्थ कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी हिंदुस्थानात आला, इथलाच झाला आणि २००७ साली तिरुवनंतपुरमला वारला. मुंबईत त्यांची गांधीजींशी गाठ पडली होती. घराचे सामान घराच्या पाच मैलांच्या आतले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर सांभाळला.

बेकर ह्यांनी केरळात जी विटांची रचना रुळवली तिला 'रॅट-ट्रॅप' म्हणजे उंदराच्या सापळ्याची बांधणी म्हणतात. नाव विचित्र, पण युक्ती पाहा: विटा आडव्या न निजवता कडेवर उभ्या करायच्या. भिंत तीच नऊ इंची, पण तिच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात, चुना-सिमेंट वाचते, आणि पोकळीतली कोंडलेली हवा उन्हाला अडवते. स्लॅबमध्येही त्यांनी असेच केले. स्लॅबच्या खालच्या अंगाला काँक्रीट फारसे काम करीत नाही, ताण सारा सळई सोसते. मग तिथे मंगलोरी कौले बसवायची. काँक्रीट वाचले, वजन घटले आणि छत आतून देखणे झाले.

मी मिस्त्रींना हे चित्र दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिले आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण गवंड्यानं आळस केला आणि मसाला पोकळीत सांडला, तर भिंत पुन्हा भरीव. ऊन त्या मसाल्यावरून चालत आत येणार." नंतर वाचले तर नेमकी हीच सूचना तज्ज्ञांनी दिलेली!

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, वीज वाचवणारे घर नकाशावर अर्धेच तयार होते; बाकीचे अर्धे कारागिराच्या हातात असते. छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवली नाही तर पाणी उलटे फिरून भिंतीत मुरते. गच्ची आणि कठडा ह्यांच्या सांध्यात गोलसर वाटा नीट भरला नाही तर गळती कायमची. खिडकीची चौकट आणि भिंत यांत फट राहिली तर पंचतारांकित यंत्रही त्या फटीतून रस्ता गार करीत बसते. हल्ली हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंती निघाल्या आहेत. स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात शोधलेला हा ठोकळा साध्या विटेपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता अडवतो. पण नळासाठी, वायरीसाठी त्यात वेडेवाकडे खोदले की तडे जातात, आणि मग दोष ठोकळ्याला!

चुन्याची गोष्टही तशीच. सिमेंटची भट्टी साधारण चौदाशे पन्नास अंशांपर्यंत तापवावी लागते; चुनखडी नऊशेच्या आसपास भाजते. म्हणजे जळण कमी. शिवाय गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन वायू पुन्हा शोषून घेतो, आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. पण कळीचा चुना पाण्यात विरवायचा, दिवसेंदिवस मुरवायचा, घाणीत मळायचा, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालायचे, ह्या साऱ्याला सवड आणि जाणकार हात लागतात. मिस्त्रींच्या हाताखाली आज चुन्याचे काम शिकणारा एकही पोर नाही. "पोरं म्हणतात, पोत्यातलं सिमेंट बरं," इतकेच ते म्हणाले, आणि गप्प झाले.

आमच्या खोलीचे काय झाले?

आता आमच्या खोलीकडे वळू. मिस्त्रींनी एकही भिंत पाडली नाही. पहिल्या दिवशी गच्ची खरडून, तडे भरून, वाटे दुरुस्त करून तिला पांढऱ्याशुभ्र चुन्याचे दोन हात दिले. उन्हाचा मोठा भाग अशी पांढरी गच्ची आल्यापावली परत पाठवते. काळवंडलेले सिमेंट तो गिळते. हा उपाय काही आमच्याच मिस्त्रींचा नव्हे. २०१०च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करायला घेतली. तेलंगण सरकारने तर २०२३ मध्ये गार छपरांचे धोरणच जाहीर केले.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या बाहेर लोखंडी कांबींवर बांबूची ताटी आली. दोरी ओढली की वर, सोडली की खाली. सासूबाईंचा रस्ता दिसत राहावा म्हणून तिच्या पट्ट्यांत मिस्त्रींनी मुद्दाम बोटभर अंतर ठेवले. भिंतीपासून वीतभर पुढे तारा ताणून त्यांवर कुंड्यांतली मधुमालती चढवली. भिंतीला सावली, आणि मधून वाऱ्याला वाट. शेवटी दाराच्या वरचा, कधीकाळी खिळे ठोकून बंद केलेला झरोका उघडला. "वारा आत यायला नुसती खिडकी पुरत नाही," ते म्हणाले, "त्याला बाहेर जायला वाट लागते."

एक शिस्त आमची आम्ही लावून घेतली: सकाळी नऊला ताटी खाली, खिडक्या बंद, रात्री आठनंतर सारे सताड उघडे. पहिल्या आठवड्यात विशेष काही वाटले नाही, चिरंजीव तर हसलेही. पण वेल चढला, आम्हालाही सवय झाली, आणि ह्या वर्षीच्या वैशाखात त्याच खोलीतला पारा रात्री दोन-तीन अंशांनी खाली दिसू लागला. दोन-तीन अंश म्हणजे काय ते कागदावर कळत नाही. सासूबाई रात्रभर झोपल्या, तेव्हा कळले.

यंत्राशी वैर नाही

एसी म्हणजे पाप, असे मात्र कोणी समजू नये. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, आजाऱ्याच्या खोलीत, ते औषधासारखे आहे. फक्त औषध मापाने घ्यावे. २०२० पासून नव्या यंत्रांत चोवीस अंश हे मूळ तापमान ठरवून दिलेले आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या अंदाजाप्रमाणे एकेक अंश वर ठेवावे तशी साधारण सहा टक्के वीज वाचते. अठरावर यंत्र लावून दुलई पांघरणारी मंडळी मी पाहिली आहेत. आणि त्या यंत्राने बाहेर फेकलेली गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत जाते, हेही पाहिले आहे.

पंख्याचा हिशेब गृहिणींनी अवश्य करावा. जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा; नवा, ज्याला बीएलडीसी म्हणतात तो, तीस वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे वीस युनिटे वाचतात. घरात चार पंखे असले तर ऐंशी! आपल्याकडे युनिटे वाढतील तसा दर चढतो, म्हणून वाचलेले युनिट हे नेहमी महागातले युनिट असते.

राहिली सूर्याची वीज. एका किलोवॅटच्या पट्ट्यांना शंभरेक चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. २०२४ साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती संचाला तीन किलोवॅटपर्यंत एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांचे, आणि सोसायट्यांच्या सामाईक पंप-दिव्यांसाठी किलोवॅटमागे अठरा हजारांचे अनुदान ठेवले. पण आधी पाट्याभर गळती बुजवावी, मग हौद भरावा. आधी घराचे ऊन अडवावे, मग सूर्याची वीज आणावी.

सोळा बिऱ्हाडांची सभा

एवढ्यावर लेख संपला असता; पण मध्यंतरी आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला. बिल्डरने सात मजल्यांचा नकाशा आणला. चित्र पाहून सगळे हरखले. पश्चिमेला टेकडी म्हणून तिकडे जमिनीपासून छतापर्यंत सरकत्या काचा, प्रत्येक घराची निजण्याची खोली त्याच बाजूला, आणि छज्जा औषधालाही नाही.

सभेत मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच, पाय कापत होते. विचारले, "ह्या काचांवर मे महिन्यात दुपारी सावली कशाची?" बिल्डरचा माणूस हसून म्हणाला, "मॅडम, प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट दिलाय ना!"

पॉइंट त्यांनी दिला, बिल आम्ही भरायचे! चिरंजीवांनी माहिती काढली होती. ऊर्जा दक्षता ब्यूरोची राहत्या घरांसाठीची 'इको निवास संहिता' २०१८ पासून आहे. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत येऊ द्यावी ह्याची तिने मर्यादा घातली आहे, आणि दमट हवेच्या शहरांत खिडक्यांची उघडणारी जागा खोल्यांच्या जमिनीच्या निदान एक-षष्ठांश असावी, असे म्हटले आहे. 'उघडणारी' हा शब्द महत्त्वाचा; सरकती खिडकी दिसते मोठी, पण उघडते अर्धीच.

आम्ही मागण्या मांडल्या. जिना, लिफ्ट आणि न्हाणीघरे पश्चिमेला सरकवा. ऊन त्यांनी खावे. झोपण्याच्या खोल्यांना समोरासमोर वाऱ्याची वाट द्या. पश्चिमेला उरतील त्या खिडक्यांना बाहेरून झडपा, दक्षिणेला दोन फुटी छज्जा. भिंती हलक्या ठोकळ्यांच्या. यात प्रत्येकाचा दिवाणखाना दीड फुटाने कमी होत होता. तिथे ठिणगी पडली. "दीड फूट म्हणजे बाजारात किती रुपये, ठाऊक आहे?" "टेकडीचा देखावा गेला तर घर घेणार कोण?" बोलणाऱ्यांचेही खोटे नव्हते, कुणाला मुलीच्या लग्नासाठी घर विकायचे होते, कुणाला मुलाकडे परदेशी जायचे होते.

सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मी त्या घरात जाईन की नाही, देव जाणे. पण एक सांगते. घरातली सर्वांत तापणारी खोली शेवटी म्हाताऱ्या माणसाच्याच वाट्याला येते. तुम्हीही म्हातारे व्हालच की!"

मतदान झाले. नऊ विरुद्ध सात. नकाशा बदलला, सगळा नाही, पण जिना-लिफ्ट पश्चिमेला गेले, छज्जे आले, काचा निम्म्या झाल्या. ठोकळ्यांचे आणि झडपांचे घोडे अजून अडलेले आहे.

दिवाळीला रंग काढाल तेव्हा

वाचकहो, तुमच्या घराचा पुनर्विकास होवो न होवो, चार गोष्टी आजही करता येतील. रात्री नऊला घराच्या प्रत्येक बाहेरच्या भिंतीला हात लावून पाहा. दुखणे कुठे आहे ते हातच सांगेल. बाहेरून रंग द्याल तर फिका द्या, आणि गच्चीला पांढरा. पश्चिमेचा आडोसा काचेच्या बाहेर घाला. खिळे ठोकलेले झरोके उघडा. आणि नवे घर पाहायला जाल ते सकाळी दहाला जाऊ नका. मे महिन्यात दुपारी चारला जा!

ही आमची जुन्या इमारतीतली बहुधा शेवटची दिवाळी. परवा मिस्त्री सहज येऊन गेले. त्यांच्यापुढे फराळाची बशी ठेवली, तर म्हणाले, "नव्या घराच्या भिंती कोण बांधणार आहे, ठरलं का?" ते काही आमच्या हाती नाही, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि सवयीने पश्चिमेच्या भिंतीवर हात टेकला.

"गार आहे," ते म्हणाले, आणि चिवड्याचा घास घेतला.